तात्यांची म्हैस समीर

माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या म्हशीचं नाव समीर आहे.

शिवाजी पेठेतल्या दूधकट्ट्यावर तात्या रोज पहाटे धार काढतात. गिऱ्हाईकं पेले धरून उभी असतात आणि तात्या म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून विचारत असतात, "समीर, जेवलास का? समीर, कुठं गेलतास?" म्हैस रवंथ करते.

"म्हशीला बाप्याचं नाव व्हय?" परवा एका नवख्यानं विचारलं.

"पावणं, दूध पायजे का तिची कुंडली? विषय कट."

'विषय कट' हा तात्यांचा शेवटचा शब्द. तो त्यांनी एकदाच चुकीच्या जागी वापरला.

तात्यांना उशिरा झालेलं एकुलतं लेकरू. मुलगी झाली म्हणून तात्यांनी तेव्हा पेठभर जिलेबी वाटली होती. काकी गेल्यावर घरात हे दोघंच. लेकरू कॉलेजात गेलं आणि एक दिवस म्हणालं, "तात्या, मी मुलगा आहे. माझं नाव समीर."

"नाव मी ठिवलंय. विषय कट."

समीरनंही विषय कट केला आणि मित्राच्या खोलीवर राहायला गेला. तिथून निरोप आला : मी ज्या समुपदेशक मॅडमकडं जातो, तिथं एकदा या. जुन्याच नावानं हाक मारणार असाल, तर मी घरी येणार नाही.

तात्यांनी आधार म्हणून मला सोबत नेलं. गेल्या गेल्या मॅडमच्या टेबलावर दुधाची किटली ठेवली आणि विचारलं, "पोराला किती दिसांत गुण येईल?"

"त्याला काही झालेलंच नाही, तात्या."

"मग मला कशाला बोलिवलं?"

"सराव तुम्हाला लागणार आहे म्हणून."

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीत बसलेला समीर खाली बघत म्हणाला, "घरात जुन्या नावानं हाक आली की वाटायचं, दुसऱ्याच कुणाला तरी जेवायला बोलावतायत."

तात्यांनी आधारासाठी माझ्याकडं पाहिलं. मी मॅडमचे कागदी रुमाल संपवत होतो.

निघताना मॅडम म्हणाल्या, नवं नाव रोज तोंडातून जाऊ दे. दुसऱ्या दिवशी पहाटे म्हशीचं बारसं झालं. मीही सराव म्हणून समीरला फोन केला आणि एका वाक्यात त्याचं नाव इतक्या वेळा घेतलं की तो म्हणाला, "दादा, तू विमा विकायला लागलायस का?"

पेठेत बोलणारे बोललेच. "तात्या, पोरीचं खूळ म्हशीला लावलं काय?"

"पोरगं हाय ते. आन् ही म्हस हाय. एवढं कळत नसंल तर दूध दुसरीकडनं ने."

मी सुचवलं, "तात्या, आरशासमोर सराव करा की. म्हैस कशाला?"

"आरशात मीच दिसतो. आन् म्हशीला चुकून जुन्या नावानं हाक गेली, तर ती घर सोडून जात न्हाय."

मी दूध प्यालो.

गेल्या रविवारी दुपारी समीर आला. तात्यांनी सकाळपासून तांबडा-पांढरा रस्सा करून ठेवला होता, दोनदा दाढी केली होती. समीर दारात बूट काढायला वाकला आणि तात्यांच्या तोंडून आनंदानं, खणखणीत, जुनंच नाव गेलं.

समीरचा एक बूट हातात राहिला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

"थांब," तात्या म्हणाले. त्यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. "चुकलं माझं. जाऊ नको."

समीरनं बूट हातातच धरून तात्यांकडं बघितलं. मग म्हणाला, "परत म्हणा."

"समीर."

त्यानं दुसरा बूट काढला आणि पाय धुवायला मोरीत गेला. तात्या पातेल्यावर झाकण ठेवून मोरीच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"समीर."

"काय?"

पाण्याचा आवाज येत होता.

"समीर."

"काय, तात्या?"

"काय न्हाय. हायस न्हवं, बघितलं."