खरातबाईंची बिनचाकांची बस

खरातबाई डोंगर चढायचंसुद्धा तिकीट फाडतात. चेष्टा नाही! घोडबंदर रोडच्या मागे एक टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला या बाई गळ्यात चामड्याची पिशवी अडकवून वाट अडवून उभ्या असतात. "तिकीट घ्या, तिकीट! आत सरका, दरवाजात गर्दी नको!" दरवाजा म्हणजे करवंदीच्या दोन जाळ्या.

बाई आयुष्यभर सिटी बसमध्ये कंडक्टर होत्या. रिटायर झाल्या, पण बस काही अंगातून गेली नाही. आमच्या डोंबिवलीच्या घरी आल्या तर खुर्ची दिली तरी उभ्याच. तेही पाय फाकवून, एक हात वर, आता हॉलला ब्रेक लागणार असल्यासारख्या. लिफ्टमध्ये चार माणसं असली तरी "पुढे सरका" चालूच. फोन उचलला की "जय भीम, कुठं जायचंय?"

त्यांच्या बसमध्ये आमच्यासारख्यांची मुलं असतात. कुणाला ऑटिझम, कुणाला डाऊन सिंड्रोम, एकाला ऐकू येत नाही. मुलं, आईबाप आणि सात-आठ स्वयंसेवक मिळून एक लांब दोर धरतात, तीच बस. दोराला पितळी घंटा. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. पुढे ड्रायव्हर, मागे बाई. वाटेत पाच थांबे, प्रत्येकाला पुठ्ठ्याची पाटी. पुढे काय येणार हे आधी कळलं की आमची मुलं निवांत असतात. तिकिटावर त्याच पाच थांब्यांची चित्रं, आणि थांबा आला की बाई चिमट्याने त्या चित्राला भोक पाडतात.

तिकिटं जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली. गणपतीचा तुकडा मात्र त्या बाजूला ठेवतात. "दुसऱ्याच्या देवाला भोक पाडायचं नाय." आणि दर वेळी एक तिकीट जास्त. मुलं पंधरा, तर तिकिटं सोळा. "बाई, मोजणी कच्ची आहे तुमची," असं मी चिडवायचो. त्या ते तिकीट पिशवीत टाकायच्या. "तुम्ही मागं सरका."

नियम एकच. "माझ्या गाडीतून मधे कुणी उतरत नाय."

इथेच माझी पंचाईत होती. माझी मुक्ता बारा वर्षांची, तिला ऑटिझम आहे, बोलते फार थोडं. आणि आम्ही कायम मधेच उतरणारी माणसं. लग्नातून पंगत बसायच्या आधी, नाटकातून पहिल्याच अंकात, सख्ख्या भाचीच्या बारशातून नाव ठेवायच्या आधी उठून आलेलो. लोक बघायला लागले की माझं डोकं सटकतं, आणि मी तिचा हात धरून बाहेर. तिला टेकडीवर न्यायची छाती होईना, म्हणून आधी तीन महिने मी एकटाच स्वयंसेवक म्हणून जात होतो. शेवटी एका रविवारी आणली. एकदा, एकदाच तिच्यासोबत कशाच्या तरी शेवटापर्यंत पोचायचं होतं मला.

त्या दिवशी ड्रायव्हर मी, आणि पहाटे पाट्या लावायचं कामही माझंच. तिसऱ्या थांब्याला, मोठ्या दगडापाशी, सुतळी संपली. म्हटलं, एका पाटीवाचून काय अडतंय? पाटी सॅकमध्ये कोंबली.

अडलं. दगड आला तेव्हा मी गप्पांच्या नादात सरळ पुढे, आणि मागे बाई कुणाच्या तरी बुटाची नाडी बांधत होत्या. चौथी पाटी दिसली मात्र, मुक्ताने दोर सोडला, खाली बसली आणि कानांवर हात ठेवून ओरडायला लागली.

वरून उतरणारे जॉगिंगवाले थांबून बघायला लागले. झालं, माझं डोकं सटकलं. "बाई, तुम्ही पुढे जा. आम्ही दोघं खाली जातो."

"गाडी फेल झालीय!" बाईंनी जाहीर केलं. "उतरायचं कुणीच नाय. बसा सगळे!"

सगळे वाटेतच बसले. चिक्की वाटली गेली. अर्धा तास गेला, उन्हं चढली. मुक्ता शांत झाली, पण जागची हलेना. तिकिटावर एकाच जागी बोट आपटत राहिली. मग खरातबाई तिच्या शेजारी बसल्या. हो, बसल्या! मी पहिल्यांदाच बघितलं. तिकीट बघून त्या माझ्याकडे वळल्या.

"ड्रायव्हर, दगडाचा स्टॉप कुठाय?"

मी मुकाट्याने सॅकमधून पाटी काढली. साहेबासमोरही इतका खजील झालेलो नाही मी.

"अवो, आपण सगळे चुकलो, ही एकटी बरोबर!" बाई ओरडल्या. "गाडी रिव्हर्स घ्या!"

आणि अख्खी बस पाठमोरी, "येऊ द्या, येऊ द्या" करत खाली निघाली. पोरं हसून हसून लोळायची बाकी होती. एका जॉगिंगवाल्यानेही दोर धरला. दगडापाशी मी दोन्ही हातांनी पाटी धरून खांबासारखा उभा राहिलो. मुक्ताने पाटी वाचली, तिकीट पुढे केलं. टक्! मग तिनेच घंटा वाजवली. टिंग टिंग.

टोकावर ती सगळ्यांच्या आधी पोचली. मी ढसाढसा रडलो, लपवत नाही.

डबे उघडले तेव्हा बघतो तर बाई बाजूला उभ्या राहून ते सोळावं तिकीट पंच करत होत्या. पाचवं भोक.

"हे कुणाचं हो?"

बाई खालच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. "लय वर्षं झाली. एक आई माझ्या बसमधे चढलेली, सात-आठ वर्षांचं पोरगं घेऊन. तेबी असंच कानावर हात ठेवून ओरडायला लागलं. पब्लिक बोंबलायला लागली, उतरवा त्यांना. माजिवड्याला मी बेल मारली, उतरवलं, आणि डबल दिली. ती बाई भांडली पण नाय हो. गप उतरली."

सवय असणार तिला. आम्हालाही होती.

बाईंनी तिकीट पिशवीत टाकलं. "त्यांचं तिकीट पुढपर्यंतचं होतं," त्या म्हणाल्या.

पुढच्या महिन्याची तिकिटं मी आणि मुक्ताने घरी बसून कापली. मुलं चौदा येणार होती. आम्ही पंधरा कापली.