सिद्रामप्पांची मागची सीट

सिद्रामप्पा मोटारसायकलवर एकटे बसत नाहीत. येत नाही असं नाही, बसतच नाहीत. सकाळी आंघोळ, विभूती आणि चहा उरकला की ते गाडी दारातून काढतात, गल्लीच्या तोंडाशी आणून उभी करतात आणि मागच्या सीटवर कुणीतरी बसेपर्यंत वाट बघतात. कुणी दिसलं की ठरलेला प्रश्न येतो, "कुटं निघालाव?" तुम्ही उत्तर काहीही द्या, त्यावर त्यांचं म्हणणं एकच असतं, "मग बसा की. मी बी तिकडंच निघालोय."

आमच्या गल्लीतला एकही माणूस यातून सुटलेला नाही. शेजारचे कुलकर्णी एकदा पायजम्यावर दुधाची पिशवी आणायला बाहेर पडले आणि परत आले ते होटगी रोडला कुणाच्या तरी वास्तुशांतीचं जेवण जेवून. वास्तू कुणाची, हे त्यांना अजूनही सांगता येत नाही. "पुरणपोळी मात्र मऊ होती," एवढंच ते सांगतात. मी एकदा स्पष्ट म्हटलं होतं, "अप्पा, मला कुठेही जायचं नाही. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, म्हणून निघालेय." त्यावर ते म्हणाले, "मग बसा की, बाई. बागेपतूर सोडतो. तितं चाला."

ईरा, अद्वैत, तुम्हाला अप्पा आठवत असतील. मागच्या खेपेला तुम्ही परत निघालात तेव्हा टॅक्सी दारात उभी होती, बॅगा डिकीत ठेवून झाल्या होत्या, आणि ईरा कुठे दिसत नव्हती. ती अप्पांच्या मागे बसून केव्हाच स्टेशनवर पोचली होती. ईरा, तिथून तू फोन केलास तेव्हा पहिलं वाक्य हे होतं, "आजी, ते आजोबा माझ्याशी सारखं काहीतरी बोलत होते. काय बोलत होते?" तेव्हा मला सांगता आलं नाही. आता सांगता येईल, म्हणून हे लिहायला बसले आहे.

अप्पा एस.टी.त कंडक्टर होते. सगळी नोकरी अक्कलकोटच्या बाजूच्या गाड्यांवर झाली. त्या खुणा अजून अंगावर आहेत. मोटारसायकल सुरू केली की ते पेट्रोलच्या टाकीवर बोटाच्या पेरांनी दोनदा टकटक करतात. ही डबल बेल. ती वाजल्याशिवाय गाडी हलत नाही. मागे बसणारा टोकाला बसला तर "पुढं सरका, पुढं सरका, जागा हाय" असं म्हणतात. त्या सीटवर तिसरं कुणी चढणार नसतं तरीही. उतरायची जागा आली की मोठ्यांदा तिचं नाव पुकारतात. त्यामुळे गल्लीने कधीच निकाल लावून टाकला होता, की जन्म भरलेल्या गाडीत गेला, आता रिकामी सीट बघवत नाही. मलाही ते पटलं होतं. माणसाच्या विक्षिप्तपणाला एक कारण सापडलं की आपण दुसरं शोधायला जात नाही.

बोलण्याचं म्हणाल, तर अप्पांची घरची भाषा कानडी, बाहेर ते मराठी बोलतात. पण गाडीने वेग घेतला की बाहेर असूनही कानडी सुरू होतं. मान वळवायची नाही, मागे कोण बसलंय हे बघायचं नाही, तोंड समोर आणि बोलणं चालू. मला कानडी येत नाही. "नोड" हा एक शब्द तेवढा कळायचा, कारण तो पुन्हा पुन्हा यायचा. त्याचा अर्थ 'बघ'. मधूनच ते थांबायचे, क्षणभर गप्प राहायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. वळणावर लक्ष द्यायला थांबत असतील, असं मी धरून चालले होते. "काय सांगत असता हो?" असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "काय न्हाई, बाई. असंच."

आता गाडी कशी बंद पडली ते सांगते. मी बँकेत निघाले होते. पेन्शन घेणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं तिथे दाखवून यावं लागतं. सात रस्त्याच्या चौकाजवळ गाडीतून आधी करकर आवाज आला, मग खट्ट झालं आणि मागचं चाक जागच्या जागी आवळलं. आम्ही पडलो नाही, हे नशीब. अप्पांनी गाडी कडेला घेतली, किक मारून पाहिली. किक दगडासारखी घट्ट. ते माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "उतरा, बाई. गेली." जिवंत असल्याचं दाखवायला मी पुढे रिक्षाने गेले.

इंजिनातलं ऑइल कुठूनतरी गळत होतं आणि ते संपेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. अप्पा ऑइल रोज बघत नसत; रोज सीट पुसत. गाडी सत्तारभाईंच्या गॅरेजमध्ये गेली. सत्तारभाई अप्पांच्याच वयाचे आणि गाडी नवी होती तेव्हापासून तिला ओळखणारे. त्यांनी इंजिन उघडून सुटे भाग एका परातीत काढून ठेवले. मग आमची गल्ली एकेक करून भेटायला जाऊ लागली. दुखवट्याला बसतात तसं बाकड्यावर बसायचं, परातीकडे बघायचं, "कसं काय झालं?" असं विचारायचं. अप्पा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचे. "बाई मागं हुत्या. बरं चाललं हुतं. शेवटपतूर काय बोलली न्हाय."

सत्तारभाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे हेच इंजिन दुरुस्त करून पुन्हा बांधायचं. पण त्याचं बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, आधीच इतक्या वेळा वाढवलेलं होतं, की आणखी वाढवायला जागा नव्हती. आणि बाहेरच्या कवचालाही चीर गेली होती. तिथे वेल्डिंग करावं लागणार होतं. दुसरी वाट म्हणजे याच मॉडेलचं दुसरं चांगलं इंजिन कुठे मिळालं, तर ते बसवायचं.

"बांधके देतूं मैं," सत्तारभाई म्हणाले. "तुमारा इंजन है अप्पा, ना कैसा बोलूं? पन एक बात सुनो. डबल सीट नक्को. अकेले फिरो, आराम से फिरो, तुमकू पुरेगा वो. पिच्छे वजन लिये तो वेल्डिंग छोड देगा."

"आनि दुसरं बसवलं तर?"

"तो फिर पूरी बारात बिठाओ."

आमच्या सगळ्यांच्या दृष्टीने यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. बांधायचं. गाडी अप्पांनी घेतली ती नीलाव्वांना घेऊन फिरण्यासाठी. नीलाव्वा म्हणजे त्यांची बायको. जाऊन काही वर्षं झाली. गोऱ्यापान, हसऱ्या, मराठी मोडकं बोलणाऱ्या. शेवटी शेवटी साखरेने त्यांचे डोळे पूर्ण गेले. घरात भिंतीला हात लावत चालायच्या, पण रोज संध्याकाळी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून गाडीवर मागे बसायच्या आणि दोघं कुठेतरी जाऊन यायची. देवळात जात असतील, असं आम्ही समजायचो. तर त्या वेळचं हे इंजिन, त्यांच्या वेळचाच त्याचा आवाज. ते टाकून कसं देणार? कुलकर्णी तर जरा जास्तच उत्साहाने म्हणाले, "आमची काळजी करू नका, अप्पा. आम्ही रिक्षाने जाऊ की!"

अप्पा हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. मी त्यांना सांगितलं, एका कागदावर मधोमध रेघ मारा, दोन्ही बाजू समोरासमोर मांडा, म्हणजे आपोआप कळेल. मी स्वतः सगळे निर्णय असेच घेत आले आहे. कागदही मीच आखून दिला. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये पाहिलं तर त्यावर रेघेच्या एका बाजूला नट आणि दुसऱ्या बाजूला बोल्ट मांडले होते. "लई उपयोग झाला, बाई," अप्पा म्हणाले.

त्या दिवसांत गाडी नव्हती तरी अप्पा सकाळी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहायचेच. फक्त कुणाला काही विचारायचे नाहीत. आम्हीच जाता जाता "अप्पा, दुधाला निघालोय हं" असं सांगून जायचो. ते मान हलवायचे. गल्लीला आपापल्या कामाला वेळेवर पोचायची सवय नव्हती. सगळे जरा कानकोंडे झाले होते.

मग एके दिवशी अप्पा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, उद्या मोहोळला येताव का? एक स्थळ आलंय."

एका शेतकऱ्याच्या गोठ्याची भिंत पडून त्याच्या मोटारसायकलचा सांगाडा वाकला होता, इंजिन मात्र शाबूत होतं, अशी बातमी सत्तारभाईंनी आणली होती. मी म्हटलं, "सत्तारभाईंना न्या. मला इंजिनातलं काय कळतंय?"

"ते इंजिन बघतील की, नंतर. आदी घर बघायला बाईमानूस पायजे."

एस.टी.ने मोहोळ, तिथून वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या, जीपने वस्तीवर. ओसरीवर सतरंजी घातलेली. शेतकरी तानाजी, त्याची बायको आणि म्हातारी आई. आधी पाणी, मग कांदेपोहे. इंजिन गोठ्यात पोत्याखाली झाकलेलं होतं, त्याकडे अप्पांनी नजरही टाकली नाही. पोहे खाता खाता चौकशी सुरू केली. गाडी कुणाच्या हातची? घरात किती जण चालवायचे? पोरांनी पळवली का? कधी पाण्याचे कॅन वाहायला लावलं का? पोटाला, म्हणजे ऑइल, वेळच्या वेळी मिळत होतं का?

तानाजी गोंधळला. त्याची आई मात्र तयारीची निघाली. पदर सावरून म्हणाली, "आमची गाडी कदी कुनाच्या दारात बंद पडली न्हाय, पाव्हनं. ह्यो मला मागं बसवून सांगोल्याला लेकीकडं न्यायचा. चढ असू दे, खड्डा असू दे, कदी कुरकुर न्हाय."

अप्पांनी पोह्याची बशी खाली ठेवली. "तुमी मागं बसायचाव?"

"व्हय की. मंग कोन बसनार?"

"बोलायचा का तुमच्यासंगं, गाडी चालवताना?"

"ह्यो?" म्हातारीने लेकाकडे बघितलं. "मुक्यावानी चालवतो ह्यो."

अप्पा उठले. पोतं न उचलताच गोठ्याला एक चक्कर मारली, म्हातारीला नमस्कार केला आणि रीतसर म्हणाले, "घरी इचारून कळवतो." घरी विचारायला कुणीही नाही, हे मला माहीत होतं.

परतीच्या एस.टी.त ते खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, "अप्पा, माझं ऐकाल तर जुनंच बांधून घ्या. हे इंजिन चांगलं असेल, पण नीलाव्वांच्या वेळचं ते जुनं. त्या त्यावर बसून फिरल्या."

अप्पा खिडकीबाहेरच बघत होते. मग म्हणाले, "ती काय इंजिनवर बसत हुती का, बाई? मागं बसत हुती."

पुढचं ते आपणहून सांगू लागले. संध्याकाळी ते देवळात वगैरे जात नसत. नुसते गावातून फिरत. नीलाव्वांना दिसत नव्हतं, म्हणून अप्पा रस्ता सांगत जायचे. ह्या दुकानानं पाटी बदलली, नोड. फुलांच्या गाडीवर आज अबोली आली, नोड. तुझ्या मावसभावाचं पोरगं चाललंय, वाळलंय लई. त्या मागून "हं" म्हणायच्या. हं आलं नाही, तर अप्पा तेच पुन्हा सांगायचे.

"आता सवय लागली," ते म्हणाले. "गाडी चालू झाली की तोंड चालू हुतंय. एकट्यानं जाऊन बघितलं मी, ती गेल्यावर. एकदाच. बोललो आनि मग ध्यानात आलं, मागं कोन न्हाय." मग सीटवर सरळ बसत कंडक्टरच्या आवाजात म्हणाले, "सिंगल सीटची गाडी घेऊन मी काय करू, बाई?"

मोहोळचं इंजिन आलं. सत्तारभाईंनी ते उघडून बघितलं, पास केलं आणि बसवलं. इंजिनाचा नंबर बदलल्यामुळे आरटीओत खेटे घालावे लागले. तिथे मात्र अप्पांना सोबतीला कुणी मिळालं नाही. जुनं इंजिन ते घरी घेऊन आले. आता ते त्यांच्या ओसरीवर पाटावर असतं, चादर पांघरून. दसऱ्याला नव्याच्या आधी त्याची पूजा झाली.

नव्या इंजिनाचा आवाज वेगळा आहे, जरा जाडा. पहिल्या दिवशी तो ऐकून गल्लीतलं कुणी बाहेर आलं नाही, कारण कुणी ओळखलाच नाही. मी पिशवी घेऊन निघाले होते. अप्पा गल्लीच्या तोंडाशी उभे होते.

"कुटं निघालाव, बाई?"

"कुठेच नाही," मी म्हटलं आणि मागे बसले.

टाकीवर दोनदा टकटक झाली. "पुढं सरका, जागा हाय." मी सरकले. कोपऱ्यावरून गाडीने वेग घेतला आणि कानडी सुरू झालं. तोंड समोर, मान ताठ. मला नेहमीसारखं एका शब्दापलीकडे काही कळलं नाही. पण या वेळी मी दोन्ही बाजूंना बघत होते. पेठेत एका दुकानाला नवा रंग लावत होते. तिथे "नोड" आलं. पुढे एक म्हातारा हातगाडीवर भाजलेल्या शेंगांचा ढीग रचत होता, तिथेही आलं. मग ते नेहमीसारखे क्षणभर थांबले.

तिथे वळण नव्हतं. समोर रस्ता सरळ आणि मोकळा होता.

मी "हं" म्हटलं. अप्पा पुढे सांगू लागले.