मक्केपर्यंत गेलेला नकाशा

सभामंडपात फ्लेक्स उलगडला आणि सुतोयो साहेबांच्या हातातली सोयाबीनच्या टेम्पेची तळलेली वडी हातातच राहिली. जिल्ह्यातल्या सोळा गावांचा चार मीटर रुंद नकाशा मागवला होता. आला होता तो हिंदी महासागर. मध्ये वरून लोंबणारं दख्खन, डाव्या कोपऱ्यात अरबस्तान, आणि उजवीकडे अगदी खाली तिळाएवढा आपला जिल्हा. जिल्ह्याचे प्रमुख, बुपातीसाहेब, दहा वाजता येणार होते. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"वेनिंग, हे काय आहे?" साहेब हळू आवाजात म्हणाले. साहेब हळू बोलले की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलं.

वेनिंग साहेबांच्या नकाशा विभागात कंत्राटावर होती. कंत्राट वाढवण्याचा कागद आठवडाभर साहेबांच्या टेबलावर पडून होता. आजचा कार्यक्रम नीट पार पडला तर सही, नाहीतर घरी, असं साहेबांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं.

"साहेब, चौकट मी हाताने आखत नाही. सगळ्या गावांचे ठिपके संगणकाला द्यायचे. तो चारही दिशांचे टोकाचे ठिपके बघतो आणि सगळे मावतील एवढी चौकट काढतो. एखादा ठिपका गावाबाहेर गेला असणार."

"गावाबाहेर? अगं, तो खंडाबाहेर गेलाय."

छापायला देण्याआधी तिने फाइल उघडून बघितली नव्हती, हेही खरं. संगणकावर तिची श्रद्धा होती, आणि श्रद्धा बसली की माणूस तपासत नाही.

तिने लॅपटॉप उघडला. पंधरा ठिपके आपापल्या गावात गुण्यागोविंदाने नांदत होते. सोळावा, करांगवुंगु गावचा, थेट मक्केत होता. त्या गावचे सरपंच हाजी मुस्ताकिम पहिल्या रांगेत बसून खजूर वाटत होते.

"हाजीसाहेब, चौदा तारखेला तुम्ही कुठे होतात?"

"मक्केत. उमराहच्या यात्रेला गेलो होतो. खजूर घे."

"आणि फोनवरून ठिकाण तिथूनच पाठवलंत?"

"तुमच्याच ऑफिसचा हुकूम होता. प्रत्येक सरपंचाने चौदा तारखेला फोनवरून आपलं ठिकाण पाठवावं. मी पाठवलं. आता अशा पवित्र जागी उभं राहून खोटं ठिकाण पाठवू का?"

वेनिंगने त्यांना ठिकाण पुन्हा पाठवायला सांगितलं. हाजींनी आज्ञाधारकपणे तिथल्या तिथे फोनचं बटण दाबलं. करांगवुंगु मक्केतून उठलं आणि बुपातींच्या सभामंडपात येऊन बसलं. चौकट तरी आटोक्यात आली, पण फ्लेक्सवाल्याने दुपारशिवाय दुसरा छापून मिळणार नाही असं कळवलं.

"उलटा टांगला तर?" साहेबांनी विचारलं.

"तरी समुद्रच राहील, साहेब."

शेवटी सुलटाच टांगला. दहाला बुपाती आले. त्यांनी बराच वेळ नकाशा न्याहाळला.

"आपला जिल्हा कुठाय?"

सुतोयो साहेबांनी काठी टेकवली. काठीच्या टोकाखाली आपला जिल्हा, शेजारचे दोन जिल्हे आणि साहेबांची अब्रू, सगळं झाकलं गेलं. साहेबांची ती दशा वेनिंगला बघवेना. ती पुढे झाली.

"चूक माझी आहे. मी तपासलं नाही."

"चूक कसली?" हाजी उठून उभे राहिले. "माझं गाव मक्केत दाखवलंय पोरीने. सगळ्या गावाला फोटो पाठवून झालाय माझा."

बुपातींनी एकदा हाजींकडे बघितलं, एकदा फोटोवाल्यांकडे. शेवटी ते पुढारी होते. पडले तरी नाक वर. माइक हातात घेऊन ते म्हणाले, "आपला जिल्हा किती लांबवर पोचलाय ते लोकांना दिसावं, म्हणून हा नकाशा मी मुद्दाम असा करून घेतला." टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात सुतोयो साहेबांनी वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी वेनिंग धीर करून कागदाबद्दल विचारायला गेली. साहेब दाराला आतून कडी लावून बसले होते.

"बाहेर कोण आहे?" त्यांनी फटीतून विचारलं.

"बाकीचे पंधरा सरपंच. हाजींचं गाव मक्केत आणि आमचं चिखलात का, म्हणतात. अकरा जणांना मक्का पाहिजे. तिघं मदिनेवर तयार आहेत. एकाला सिंगापूर चालेल, मुलगी तिथे कामाला आहे म्हणे."

साहेबांनी दार जेमतेम उघडून तिला आत ओढलं आणि कागद पुढ्यात घेतला. तिथे छापलेलं 'एक वर्ष' खोडून त्यांनी 'तीन वर्षं' लिहिलं, सही ठोकली आणि कागद तिच्या हातात कोंबला.

"आता तू बाहेर जा," ते म्हणाले, "आणि त्यांना आपापल्या घरी पाठव."