अर्धा तास पुढचा माणूस

सपकाळे कुणाच्याही घड्याळाला हात घालायचा. पाहुणा म्हणून आला की आधी भिंतीकडे बघायचा, स्टूल मागायचा आणि काटा अर्धा तास पुढे सरकवूनच खाली उतरायचा. चहा त्यानंतर. कोणी चिडलं तर म्हणायचा, "उशीर झालेलाच असतो. कळलेलं बरं."

मूळचा धुळ्याचा, पन्नाशीला टेकलेला, पिंप्राळ्यात एका खोलीत एकटा राहायचा. जळगावात बियाण्याच्या एका व्यापाऱ्यानं कॉम्प्युटरचं ऑफिस काढलं होतं. तिथली यंत्रं सांभाळायला सपकाळे, आणि दारावर राखणीला, झाडलोटीला मी. नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट, इंटरनेट आमच्याकडे नुकतंच आलं होतं.

लग्नात हा पहिल्याच मंगलाष्टकाला मूठभर अक्षता टाकून पंगतीत जाऊन बसायचा. तिथे पानंसुद्धा मांडलेली नसायची. भुसावळला जायचं तर एक गाडी आधीच स्टेशनवर, आणि ती आधीची गाडी रखडत आली की तिच्यातच चढायचा. लोक हसायचे. मला हसू येत नव्हतं. माझी बायको त्याच वर्षी गेली होती.

ऑफिसचं काम असं होतं. जामनेरचे, धुळ्याचे दुकानदार आपापल्या कॉम्प्युटरवरून बियाण्याची मागणी भरायचे. एकदा पासवर्ड सांगितला की मागणी भरून होईपर्यंत आमच्या सर्व्हरनं त्या माणसाला ओळखीत ठेवायचं. त्याला हे लोक सेशन म्हणत. सर्व्हर दोन होते, काचेच्या खोलीत, गारव्याला. एका सर्व्हरवर गर्दी झाली की दुसरा सर्व्हर त्याच्याकडचा माणूस ओढून घ्यायचा. पण दुकानदार अर्ध्यावर आला की सर्व्हर मध्येच विचारायचा, तुम्ही कोण? भरलेलं सगळं गेलं. पुन्हा पहिल्यापासून.

जामनेरचा दुकानदार फोनवर म्हणाला, "यापेक्षा आमची सासुरवाडी बरी. तिथे निदान जेवण होईपर्यंत ओळख ठेवतात."

मालकानं सपकाळेला सांगून टाकलं, सोमवारपर्यंत नीट झालं नाही तर काम पुण्याला देतो, तू घरी बस. घरी त्याच्या काय होतं? चार भिंती आणि पुढे पळणारं घड्याळ.

त्यानं विजेवर संशय घेतला, टेलिफोनच्या तारेवर घेतला, उंदरांवर घेतला. शेवटी माझ्यावर आला. माझ्या झाडूनं वायर हलते म्हणे. मी म्हणालो, बायको गेल्यापासून मी माझं घर झाडत नाही, तुझ्या यंत्राखाली कशाला मरायला जाऊ?

रविवारी दुपारी ऑफिसात आम्ही दोघंच होतो. सपकाळे स्वतःच दुकानदार होऊन मागणी भरत बसला. पहिल्या सर्व्हरवर असेपर्यंत ठीक चालायचं, दुसऱ्याकडे गेला की ओळख पुसली जायची. मग त्यानं पडद्यावर दुसऱ्याचं घड्याळ उघडलं आणि खुर्ची मागे सरकवली.

मी विचारलं तेव्हा त्यानं समजावलं. अर्धा तास हालचाल नसली की ओळख पुसायची, असा नियम होता. पहिला सर्व्हर ओळखीवर वेळ टाकायचा ती खरी. दुसऱ्याचं घड्याळ अर्धा तास पुढे. तो बघायचा आणि म्हणायचा, या माणसाची वेळ संपली. हा दुसरा सर्व्हर सपकाळेनं स्वतः बसवला होता, आणि सवयीनं त्याचंही घड्याळ पुढे केलं होतं.

"मग घे मागे आणि सूट," मी म्हणालो.

त्याचा हात उचलेना.

"आबा, मला काटा मागे नाही घेता येत." मग खाली मान घालून बोलत राहिला. धुळ्याच्या दवाखान्यात त्याची बायको होती. हा घरी कपडे आणायला गेला, बस चुकली, पुढच्या बसनं आला. तोवर नर्स गादीवरची चादर काढत होती. बायको शेवटपर्यंत विचारत होती म्हणे, आले का. त्या दिवसापासून हा असा.

माझी गेली तेव्हा लोक मला बरंच काही बोलले होते. त्यातलं एकही मला बोलता येत नाही. मी जे झालं तेच सांगितलं.

"मी तर उशाशी होतो. ती म्हणाली, पाणी द्या. माठ दारामागेच. पेला भरून वळलो, तर गेलेली. मी कुठे उशिरा आलो होतो, सांग."

 तो वळला आणि त्यानं सर्व्हरचं घड्याळ मागे घेतलं. पुन्हा दुकानदार झाला, पहिल्यापासून शेवटपर्यंत मागणी भरली. कोणी त्याला तू कोण म्हणून विचारलं नाही.

सोमवारी जामनेरवाल्याची मागणी एका दमात गेली आणि मालकानं पुण्याचा विषय सोडला. पण त्या रविवारी कुलूप लावताना सपकाळे एकदम धुळ्याच्या बोलीत आला. ऑफिसात तो तसं कधी बोलत नसे.

"आबा, तुमना घर आते कोन शे?"

"कोनी नही," मी म्हणालो. घरी आता माझ्याशिवाय कोण होतं?

"मग चाला जेवाले."

त्यानं शेवभाजी केली, भाकरी थापल्या. खोलीत ताट एकच होतं. ते त्यानं माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः पातेल्याच्या झाकणात भाजी घेऊन बसला. भाकरी मधोमध कच्ची होती. मी आणखी एक मागून घेतली.