शार्कबाई जेवायला येतात

वेंगुर्ल्याच्या कुमुदिनीवहिनी एकदा सिनेमा बघता बघता मोठ्याने नवस बोलल्या होत्या, की पडद्यावर भर समुद्रात खडकावर अडकलेली ती पोर सुखरूप किनाऱ्याला लागू दे, तिच्यामागे लागलेल्या शार्कला मी सवाष्ण म्हणून जेवू घालीन. पोर किनाऱ्याला लागली. पण सणावारांत नवस फेडायचा राहून गेला, आणि पोर पुढच्या खेळापासून खडकावरच राहू लागली.

थिएटरचे मॅनेजर रेडकर घरी आले. पाणी पिऊन म्हणाले, तक्रार नाही, पण सिनेमा संपतो, दिवे लागतात, लोक घरी जातात आणि ती तिथेच. सकाळी झाडणारी बाई आत गेली, तर पोर पडद्यावर कुडकुडत बसलेली.

"सोमवारी शार्कबाईंना जेवायला पाठवून द्या," वहिनी म्हणाल्या.

सोमवारी दिवेलागणीला शार्कबाई माडांच्या शेंड्यांवरून संथ पोहत आल्या, रेडकर खालून चालत. अंगण निळं झालं. पडवीत पाटावर त्या जेमतेम मावल्या. शेपूट तुळशीपर्यंत गेली. कुंकवाची कोयरी हातात घेऊन वहिनी थबकल्या.

"घरी यजमान?"

शार्कबाईंनी रेडकरांकडे पाहिलं. सिनेमात तसा उल्लेख नाही, रेडकरांनी सांगितलं. उल्लेख नाही म्हणजे नाहीतच असं नव्हे, असं ठरवून वहिनींनी कपाळ साधारण कुठे असावं ते पाहून कुंकू लावलं.

मग पुरणपोळी, कटाची आमटी, भात. पान वाढलं की रिकामं. वहिनी आग्रह करत राहिल्या, शार्कबाई "वाढा" म्हणत राहिल्या. पुरण संपलं, पीठ संपत आलं. पाहुणी तृप्त होऊन उठली नाही तर नवस फिटत नाही, आणि पोर तिकडे भिजत बसलेली.

"बाई, काही कमी पडतंय का?"

"तुमच्याकडे नाही हो," शार्कबाई म्हणाल्या. "सिनेमाच कच्चा आहे. पोरीची जखम कधी डाव्या पायाला, कधी उजव्या. भरती येते, ओहोटी नाही. मी दर वेळी आधीपेक्षा मोठी. तेही चालवून घेतलं असतं. पण मला भूक का लागलीय, हे कुणी सांगितलंच नाही. कारण नसलेली भूक भागायची कशी?"

"ही उणीव आहे खरी," रेडकर हळूच म्हणाले.

वहिनींनी पदराला हात पुसले.

"सकाळपासून पोटात काही होतं?"

"नाही."

"आज सोमवार. मग तुमचा उपास होता, बाई. तो आता सोडताय."

शार्कबाईंनी डोळे मिटले, सिनेमात ते कधीच मिटत नसत. वहिनींनी शेवटची पोळी पुढे केली, तेव्हा आपण हात आडवा धरतो तसा त्यांनी पर पानावर आडवा धरला.

"पुरे."

त्यानंतरच्या खेळाला पोर खडकावरून उतरली. शार्कबाई शेजारून हळूहळू पोहत तिला उथळ पाण्यापर्यंत सोडायला आल्या. पोरीने वाळूवर केस पिळले आणि ती खुर्च्यांमधून बाहेर निघाली. लोकांनी पाय आत घेऊन तिला वाट दिली. सिनेमात आता थरार उरला नाही, असं कुणीतरी म्हणालं, पण उठून कुणी गेलं नाही.

तर बायांनो, तुम्हीही कधी असा सिनेमा पाहायला गेलात, तर पोरीसाठी हात जोडाल तेव्हा मागे लागलेल्या त्या भुकेल्या जिवासाठीही एक पान मांडायचं कबूल करा.