केळुसकर सरांची दुरुस्ती

आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत केळुसकर सरांबरोबर लिफ्टने जायचं असेल, तर तोंड बंद ठेवलेलं बरं. सर जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. उत्क्रांतीबद्दल कुणी काही चुकीचं बोललं, की ते लिफ्टच्या दारात पाय घालून उभे राहतात आणि म्हणतात, "चूक. पुन्हा बोला." वाक्य सुधारेपर्यंत लिफ्ट हलत नाही.

एकदा मी खोकत खोकत म्हणालो, "सर, या हवेत राहून राहून आपण दिल्लीवाले चांगलेच इव्हॉल्व झालो."

"चूक. तुम्ही इव्हॉल्व झाला नाहीत, तुम्ही खोकताय. उत्क्रांती एकट्याची होत नाही, पिढ्यांची होते. पुन्हा बोला."

त्या दिवशी मंत्रालयात माझी हजेरी उशिरा लागली.

सोसायटीचे सेक्रेटरी खन्नाजी एकदा टाकीवरच्या माकडांना हात जोडून म्हणाले होते, "आखिर अपने पुरखे हैं!" सरांनी त्यांना तिथेच अडवलं. "गलत! ये चचेरे भाई हैं, बाप नहीं. फिर से बोलिए." खन्नाजींनी मुकाट्याने माकडांशी नातं बदललं.

माझी मुलगी ईशा दहावीत आहे. ती रोज संध्याकाळी सरांकडे बायॉलॉजी शिकायला जाते. सर तिला चिवडा देतात आणि पैशाचा विषय काढू देत नाहीत. केळुसकर काकूंना जाऊन चार वर्षं झाली, मूलबाळ नाही. हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच पुढचं सांगताना लाज वाटते.

गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात मी सरांची नक्कल केली. हवेतल्या लिफ्टच्या दारात पाय घातला, "चूक!" म्हणून ओरडलो. लोक हसून लोटपोट झाले. पहिल्या रांगेत सरही मांडी थोपटत हसत होते. तेवढ्यावर थांबायचं, तर हशा माझ्या डोक्यात गेला. सरांच्याच आवाजात मी म्हणालो, "उत्क्रांतीचा नियम सोपा आहे. ज्याला मूलबाळ नाही, तो बाद! म्हणजे मी बाद!"

हशा झाला, पण अर्धाच. सरही हसले. मग चष्मा पुसत उठले आणि आरतीला न थांबता घरी गेले.

घरी ईशा एवढंच म्हणाली, "बाबा, यू आर सो मीन यार." आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं.

पुढचे आठ दिवस मी पाच मजले जिन्याने चढलो-उतरलो. सर लिफ्टमध्ये भेटतील याची भीती वाटत होती. नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, माफीचं वाक्य पाठ करून मी त्यांची बेल वाजवली.

सरांनी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि मला बाल्कनीत नेलं. समोरच्या कडुनिंबावर सातभाईंचं घरटं होतं. मातकट रंगाचे ते कलकलाट करणारे पक्षी आमच्याकडे ढिगाने आहेत. त्यातला एक चोचीत अळी घेऊन आला आणि पिल्लाला भरवून उडाला.

"तो बाप नाही," सर हळूच म्हणाले.

"मग?"

"थव्यातला कुणीतरी. त्याला स्वतःची पिल्लं नाहीत. बहुतेकदा नात्यातला असतो. कधी नसतोही. तरी भरवतो."

टेबलावर ईशाची वही पडली होती. शेजारी चिवड्याची वाटी झाकून ठेवलेली होती. माझ्या नकलेनंतर ईशाने इथे यायचं सोडलं असेल असं मी धरून चाललो होतो; पण ती येणार होती, कदाचित रोजच येत होती, आणि मला सांगत नव्हती.

"सर, त्या दिवशी मी..." मी पाठ केलेलं वाक्य सुरू केलं.

"तुमचं ते गणपतीतलं वाक्य," सर घरट्याकडे बघतच म्हणाले. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "ते चूक होतं. शास्त्राच्या दृष्टीने. पुन्हा बोला."

मी खाली मान घातली.

"ज्याला मूलबाळ नाही..." मी सुरुवात केली, आणि 'तो बाद'च्या जागी काय म्हणावं ते शोधत ईशाच्या वहीकडे पाहिलं.

सर वाट बघत उभे राहिले.