अर्थ आणि उदाहरण

शब्दकोशाच्या ऑफिसात बारीकरावांचा एक दावा कायम असे. "माझं उदाहरण वाचा, अर्थ वाचायची गरजच पडायची नाही!" लोकांच्या बारीकसारीक चुका काढतात म्हणून ऑफिसानंच त्यांना हे नाव ठेवलं होतं. ते कौतुकानं ठेवलंय, अशी त्यांची समजूत. सहा महिने ते हंगामी होते. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मुख्य संपादक त्या दिवशी ठरवणार होते. बायकोनं मात्र 'नोकरी पक्की झाली' असं माहेरी कळवूनही टाकलं होतं!

सकाळी त्यांच्या वाट्याला शब्द आला 'ऑब्नॉक्शस'. अर्थ सोपा, डोक्यात जाईल इतकं किळसवाणं. पण उदाहरण? तेवढ्यात आतून मुख्य संपादकांचं गडगडाटी हसू ऐकू आलं आणि बारीकराव कार्डावर भराभर लिहू लागले.

"हा गृहस्थ दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडतो, आपल्या विनोदावर आपणच आधी हसतो आणि इतरांच्या चुका चारचौघांत वाचून दाखवतो. असलं ऑब्नॉक्शस वागणं कोण सहन करणार?"

टायपिस्ट बाईंनी कार्ड हातात घेतलं. "अहो, मला वाटतं, हे जरा..."

"वाटायचं काम तुमचं नाही, टाइप करायचं आहे!" बारीकराव हसून हसून लाल झाले. मग बाईंच्या कालच्या कागदातल्या सात चुका त्यांनी खड्या आवाजात वाचल्या. पाचवीलाच मुद्रितशोधक उठून बाहेर गेला.

दुपारी डबा उघडला आणि बारीकरावांचा घास हातातच राहिला. साहेबांनी स्वतःला ओळखलं तर? ते धावतच बाईंकडे गेले.

"ते कार्ड कुठंय?"

"साहेब घेऊन गेले. वाचलं आणि दोनदा..."

"दोनदा काय? ओरडले?"

"बोलू द्याल का? दोनदा मान डोलावली. तुम्हाला आत बोलावलंय."

आत पाऊल टाकताच बारीकराव सुरू झाले, "साहेब, ते वाक्य कुणालाही उद्देशून..."

"बसा हो! लपवताय काय? आम्ही सगळ्यांनी ओळखलं."

बारीकरावांनी हात जोडले. "माफ करा, साहेब."

"माफी कसली? सहा महिने तुम्हाला तोंडावर सांगायची आमची हिंमत झाली नाही, आणि तुम्ही स्वतःबद्दल स्वतःच लिहून दिलंत! इतका प्रामाणिक माणूस मी आजवर पाहिला नाही."

खरं सांगावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर अब्रू. सासुरवाडीची सगळी मंडळी डोळ्यांपुढे उभी राहिली.

"स्वभावच आहे, साहेब," बारीकराव पुटपुटले.

"ते असो. तुम्हाला कायम केलंय! फक्त आजपासून मागच्या खोलीत बसा. लहान आहे, पण दार घट्ट लागतं."

बारीकराव बाहेर आले, तर त्यांचं टेबल निम्म्या वाटेत पोचलंसुद्धा होतं! एक बाजू मुद्रितशोधकानं धरली होती, दुसरी शिपायानं, आणि पुढे खुर्ची डोक्यावर घेऊन टायपिस्ट बाई निघाल्या होत्या. सहा महिन्यांत ऑफिसानं त्यांना एवढी मदत कधीच केली नव्हती.